पॅकेज सांभाळणाऱ्याला प्रोग्रामिंग यावेच लागते काय?

आपल्या दुकानांत, गोदामांत आणि कारखान्यांत संगणक येऊन आता बराच काळ लोटला. बिल संगणकावर निघते, जीएसटीचा हिशेब संगणकावर होतो, माल कुठवर आला ते मोबाईलवर कळते. तरीही ह्या यंत्रांच्या आतल्या कामाबद्दल आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांत एक समज पक्का बसला आहे. तो असा की, हे काम इंजिनिअर झालेल्यांचे. ज्याला प्रोग्रामिंग येते त्यानेच त्यात हात घालावा. मुलाने बारावी कॉमर्स केली, आयटीआय केले किंवा उर्दू माध्यमातून शिकून तो दुकानावर बसला, तर त्याच्यासाठी तो दरवाजा कायमचा बंद.

हा समज कितपत खरा आहे? नुसते 'होय' किंवा 'नाही' म्हणून भागत नाही. त्यासाठी एक ठराविक काम घेऊन ते आतून कसे चालते हे पाहिले पाहिजे. ओपन सोर्सच्या दुनियेत 'पॅकेज मेंटेनर' नावाचे एक काम आहे. जगभर हजारो माणसे ते करतात, बरीचशी विनामोबदला करतात. ह्या कामाला प्रोग्रामिंगचे हुनर लागते काय, आणि लागत असेल तर किती, हे आज पाहू.

ओपन सोर्स आणि पॅकेज

संगणकाचा प्रत्येक कार्यक्रम मुळात माणसाने लिहिलेला मजकूर असतो. त्याला सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या हा मजकूर कुलपात ठेवतात आणि फक्त तयार माल विकतात. ओपन सोर्समध्ये मूळ मजकूर सर्वांना खुला असतो. कोणीही तो वाचावा, वापरावा, दुरुस्त करावा आणि पुढे द्यावा, अशी परवानगी लायसन्समध्येच लिहिलेली असते. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९९१ साली फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला, आणि ह्या चळवळीला जोर आला. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाईलच्या तळाशीही लिनक्सच आहे.

पण सोर्स कोड म्हणजे तयार माल नव्हे. शेतातून वेचलेला कापूस जसा सरळ गिरणीच्या यंत्रावर चढत नाही, तसेच हे आहे. आधी जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, मग रुई दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते, गाठीवर खूण पडते, आणि मगच ती गाडीत चढते. गाठ हातात आली की गिरणीवाल्याला कळते की आत काय आहे, कुठल्या प्रतीचे आहे आणि कुठून आले आहे.

संगणकात ही गाठ म्हणजे पॅकेज. मूळ लेखकाने लिहिलेला कोड घ्यायचा, तो यंत्रावर चालेल असा तयार करायचा, त्यासोबत आणखी कोणकोणती पॅकेजे लागतील त्याची यादी जोडायची, नाव आणि आवृत्ती लिहायची आणि सर्वांना सहज घेता येईल अशा भांडारात ठेवायचे. ज्यांनी अशी भांडारे उभारली त्यांत डेबियन हे मोठे नाव आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये ते सुरू केले. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या त्याच्या १३ व्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. रेड हॅट कंपनीच्या आधाराने चालणारे फेडोरा हे असेच दुसरे भांडार.

ह्या प्रत्येक पॅकेजला एक माणूस किंवा एक गट नेमलेला असतो. तोच मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारा.

सांभाळणारा नेमके काय करतो?

इथे एक फरक ध्यानात ठेवावा. कार्यक्रम लिहिणारा वेगळा आणि त्याचे पॅकेज सांभाळणारा वेगळा. कधी दोन्ही कामे एकच माणूस करतो, पण तसा नियम नाही. विणकर कापड विणतो. कापडाचा व्यापारी ते पारखतो, घडी घालतो, चिठ्ठी लावतो, गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवतो आणि तक्रार आली तर विणकराकडे परत नेतो. अमरावतीच्या नांदगाव पेठ रस्त्यावरील बिझीलँड आणि सिटीलँडच्या बाजारात हेच काम दिवसभर चाललेले असते. तिथल्या किती व्यापाऱ्यांना माग चालवता येतो? फारच थोड्यांना. पण कापड चिमटीत धरले की सूत कोणते, रंग टिकेल की नाही, पन्हा पुरा आहे की नाही हे ते सांगतात.

डेबियनच्या पॅकेजमध्ये सांभाळणाऱ्याच्या हातच्या चार मुख्य फायली असतात. पहिलीत पॅकेजचे नाव, वर्णन आणि सोबत लागणाऱ्या पॅकेजांची यादी. दुसरीत पॅकेज कसे बांधायचे त्याच्या पायरीवार सूचना. तिसरीत कधी काय बदलले त्याची तारीखवार नोंद. ही आपली रोजकीर्दच समजा. चौथीत कोणत्या भागाचा मालकी हक्क कोणाचा आणि लायसन्स कोणते, ह्याचा तपशील.

ह्यांपैकी दुसरी फाईलच काय ती प्रोग्रामिंगच्या जवळ जाते. बाकी तीन फायलींना लागते ती चिकाटी, नीट वाचन आणि नोंदी ठेवण्याची शिस्त. शिवाय पॅकेजातल्या नेहमीच्या चुका शोधून दाखवणारे 'लिंटियन' नावाचे साधन आहे. कुठे काय राहिले ते दाखवून देते. माल तयार झाला तरी तो लगेच सर्वांच्या हाती जात नाही. आधी 'अनस्टेबल' म्हणजे कच्च्या दालनात जातो, काही दिवस मोठी तक्रार आली नाही तर 'टेस्टिंग'मध्ये, आणि साधारण दोन वर्षांनी त्यातूनच 'स्टेबल' ही पक्की आवृत्ती निघते.

ह्या सगळ्या काळात लोकांच्या तक्रारी येत राहतात. दोषाला तिथे 'बग' म्हणतात. सांभाळणाऱ्याने तक्रार वाचायची, स्वतःच्या यंत्रावर ती खरी ठरते काय ते पाहायचे, दोष मूळ लेखकाचा की आपल्या बांधणीचा हे ठरवायचे आणि नीट शब्दांत योग्य ठिकाणी कळवायचे. हा वेळ कोड लिहिण्यात जात नाही. माणसांशी बोलण्यात जातो.

'वऱ्हाड' हा शब्द आणि पुण्याचा लोहित

आता आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. पडद्यावर मराठी अक्षरे दिसतात ती फॉन्टमुळे, आणि फॉन्ट हेही एक पॅकेजच असते. लिनक्सवर मराठी दिसण्यासाठी जो फॉन्ट फार वर्षे सर्रास वापरात राहिला त्याचे नाव 'लोहित'. लोहित म्हणजे लाल. रेड हॅटने प्रसिद्ध केला म्हणून हे नाव शोभते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीने, म्हणजे छपाईच्या व्यवसायात प्रसिद्ध असलेल्या 'श्रीलिपी'च्या कंपनीने, मूळचे फॉन्ट दिले. रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील प्रवीण सातपुते यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी अनेक वर्षे लोहितची देखभाल केली. आधी मराठीसाठी 'लोहित मराठी' असे स्वतंत्र पॅकेज होते. पुढे हिंदी, मराठी वगैरे भाषा 'लोहित देवनागरी' ह्या एकाच फॉन्टमध्ये आणल्या गेल्या.

फॉन्टच्या पॅकेजात प्रोग्रामिंग थोडे आणि लिपीचे ज्ञान जास्त लागते. आपल्या प्रदेशाचे नावच पाहा. 'वऱ्हाड' हा शब्द लिहिताना 'ह'च्या आधी कोयत्यासारखा वाकडा अर्धा 'र' यावा लागतो. तो न येता 'ह'च्या डोक्यावर रफार चढला तर शब्द बिघडला. हिंदीत ह्या अर्ध्या 'र'ची गरज पडत नाही, म्हणून फक्त हिंदी जाणणाऱ्याच्या तो ध्यानातही येणार नाही. मराठीत मात्र त्यावर अर्थ बदलतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना' बोलावले तर गुरुजी येतील, 'आचाऱ्यांना' बोलावले तर स्वयंपाकी येतील. लग्नाच्या पत्रिकेत हा घोटाळा झाला तर काय होईल हे सांगायला नको!

आणखी पाहा. जागतिक अक्षरक्रम ठरवणाऱ्या युनिकोडमध्ये 'ल' आणि 'श' ह्यांना मराठी व हिंदीसाठी एकच क्रमांक आहे. पण मराठी वळण वेगळे, हिंदी वळण वेगळे. 'ॲड.' किंवा 'ॲप' ह्यांतल्या 'ॲ' अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली. त्याआधी बनलेल्या फॉन्टमध्ये ह्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो. असे दोष यंत्र आपण होऊन पकडत नाही. कोड उत्तम लिहिणाऱ्या पण मराठी न येणाऱ्या माणसासमोर 'वऱ्हाड' चुकीचे उमटले तर तो ते बरोबरच समजेल. उलट, अकोल्याच्या एखाद्या छापखान्यात मजकूर जुळवणारा मुलगा एका नजरेत चूक दाखवील.

उर्दूचेही तसेच. 'गोल हे' आणि 'दो-चश्मी हे' ह्यांत उर्दू शाळेत शिकलेल्या मुलाचा गोंधळ होत नाही. न शिकलेल्याला दोन्ही सारखेच. अरबीचा 'काफ' आणि उर्दूचा 'काफ' शब्दाच्या मध्ये आले की दिसायला एकच वाटतात, पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. शब्दकोशाच्या पॅकेजात ते मिसळले तर शब्द समोर असूनही शोधताना सापडत नाही. नस्तालिक लिपी तर इतकी उतरती आणि गुंतागुंतीची की नुकते कुठे अडकले, अक्षर कुठे घसरले हे वाचणाऱ्यालाच कळते. ज्या उर्दू माध्यमाला आपण कमतरता समजतो, ते ह्या कामात भांडवल ठरते.

लायसन्स वाचणारा डोळा

लोहितच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. हे फॉन्ट सुरुवातीला 'जीपीएल' ह्या लायसन्सखाली होते. ते लायसन्स मुळात कार्यक्रमांसाठी बनवलेले. फॉन्ट मात्र दस्तऐवजाच्या आत जाऊन बसतो. मग ज्या पुस्तकात किंवा पत्रकात हा फॉन्ट गेला त्यालाही तेच लायसन्स लागू होईल काय, अशी शंका निघू शकते. सप्टेंबर २०११ मध्ये लोहितचे लायसन्स बदलून फॉन्टसाठीच तयार केलेले 'ओपन फॉन्ट लायसन्स' लावले गेले. त्यात ही शंका उरत नाही.

ह्यात प्रोग्रामिंगची एक ओळ नव्हती, पण असे काम झाले नाही तर पॅकेज अडते. डेबियनमध्ये नवे पॅकेज आले की त्यातल्या लायसन्सची छाननी होते. तपशील अपुरा असेल तर माल परत जातो. जो व्यापारी करारनामा सहीआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, त्याला ही सवय नव्याने लावावी लागत नाही.

दोन ओळींची किंमत

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग प्रोग्रामिंगची गरजच नाही! असे समजणे धोक्याचे आहे. त्यासाठी एक घडलेली हकीकत सांगतो.

'ओपनएसएसएल' नावाचा कार्यक्रम इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवण्यासाठी वापरतात. तो जी गुप्त किल्ली बनवतो तिचा आकडा कोणाला अंदाजाने सांगता येऊ नये, हेच त्याचे मर्म. २००६ साली डेबियनमधल्या त्याच्या पॅकेजात दोन ओळी बंद केल्या गेल्या. कारण असे की, तपासणीचे एक साधन त्या ओळींबद्दल इशारा देत होते. बदल करण्यापूर्वी मूळ प्रकल्पाच्या लोकांकडे विचारणाही झाली होती. पण पूर्ण परिणाम कोणाच्याच ध्यानात आला नाही. त्या ओळींबरोबर किल्लीतला अनिश्चितपणाच निघून गेला. उरला तो फक्त संगणक चालू कामाला देतो तो क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२ हजारांच्या घरात. म्हणजे एका जातीच्या, एका लांबीच्या किल्ल्या सुमारे ३२ हजारच बनू शकत होत्या, आणि चोराला त्या एकामागून एक लावून पाहणे सोपे झाले.

सुमारे २० महिने हे कोणाला कळले नाही. १३ मे २००८ रोजी डेबियनने जाहीर सूचना काढली. डेबियनवर आणि त्यापासून बनलेल्या उबुंटूवर त्या काळात तयार झालेल्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या.

ह्या प्रकरणातून निघणारा धडा 'सांभाळणारा प्रोग्रामर हवाच' इतका सरळ नाही, कारण ते काम करणाऱ्यांना प्रोग्रामिंग येत होते. धडा असा की, ज्या मालाच्या आत आपण हात घालतो त्याचे मर्म समजलेले असले पाहिजे. नाहीतर आत हात घालू नये. मूळ कारागिराकडून बदल करून घ्यावा आणि तो पक्का करून घ्यावा. रंगाचा डाग काढायला गेलेला माणूस ताणाचे धागे कापून बसला, तर पूर्ण ठाणाची किंमत जाते.

अर्ध्या सेकंदाचा फरक

दुसरी हकीकत अलीकडची, २०२४ सालची. 'एक्सझेड' नावाचा कार्यक्रम फायली दाबून लहान करतो. डेबियनची पॅकेजेही त्यानेच दाबली जातात. म्हणजे गाठ आवळायचा प्रेसच समजा. फिनलंडचे लासे कॉलिन हे अनेक वर्षे एकट्याने, विनामोबदला तो सांभाळत होते. २०२१ च्या सुमारास 'जिया टॅन' नावाने कोणी तरी मदत करू लागले. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यावर तगादा सुरू झाला की, काम मंद आहे, दुसऱ्याला हक्क द्या. हे काम बिनपगारी छंद म्हणून चालते आणि आपली मानसिक प्रकृतीही बरी नाही, असे कॉलिन यांनी तेव्हा मोकळेपणाने लिहिले होते. हळूहळू 'जिया टॅन'कडे अधिकार गेले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला गेला.

चोरी कशी लपवली ते व्यापाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. सर्वांसमोर उघड्या असलेल्या मूळ कोडमध्ये तो दरवाजा चालू करणारा भाग नव्हताच. तो फक्त बाहेर पाठवायच्या बांधलेल्या मालात होता. नमुन्यात एक आणि गाठीत दुसरे! शिवाय दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी वापरतात त्या 'ओपनएसएसएच'चा 'एक्सझेड'शी थेट संबंधच नव्हता. डेबियन व फेडोरासारख्या भांडारांनी सोयीसाठी आपल्या बाजूने एक जास्तीचा टाका घातला होता, त्या टाक्यातून हा संबंध जुळला आणि चोराने त्याचाच फायदा घेतला.

हे पकडले आंद्रेस फ्रॉइंड ह्या मायक्रोसॉफ्टमधील इंजिनिअरने. दूरच्या यंत्रात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांना खटकले. त्यांनी ते सोडून न देता मुळापर्यंत शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना सावध केले. डेबियनची पक्की आवृत्ती तेवढ्यामुळे वाचली. बिघडलेला माल कच्च्या दालनांपर्यंतच पोहोचला होता.

इथे दोन गुण एकत्र दिसतात. अर्ध्या सेकंदाचा फरक खटकणे ही पारख झाली. रोज माल हाताळणाऱ्याला ती येते, तिला पदवी लागत नाही. पण खटकल्यावर त्या गुंतागुंतीच्या कोडात शिरून चोर शोधून काढणे हे मात्र पक्क्या प्रोग्रामरचेच काम होते. नुसत्या पारखेने शंका आली असती, पुरावा मिळाला नसता.

मग किती यायला हवे?

अकोल्याच्या कापूस बाजारातला ग्रेडर आठवा. गाडीतून मूठभर कापूस काढतो, बोटांनी धागा ओढून लांबी पाहतो, ओलावा मोजतो. ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर कापूस महामंडळाचा पूर्ण भाव, १२ च्या वर असेल तर माल परत. ह्या ग्रेडरने स्वतः नांगर धरला पाहिजे असे कोणी म्हणत नाही. पण कापूस भिजला की काय होते, कवडी का पडते, कुठल्या वाणाचा धागा लांब, हे त्याला माहीत नसेल तर शेतकरीही बुडेल आणि गिरणीही.

पॅकेज सांभाळणाऱ्याचे मोजमाप असेच करावे. ते तीन पायऱ्यांचे आहे.

पहिली पायरी फॉन्ट, शब्दकोश, भाषांतरे, माहितीपुस्तिका ह्यांच्या पॅकेजांची. इथे विषयाचे ज्ञान मुख्य. लिनक्सच्या साध्या आज्ञा लिहिता आल्या, बांधणीच्या सूचना वाचता आल्या आणि चूक कुठे झाली हा संदेश समजला की काम सुरू करता येते.

दुसरी पायरी नेहमीच्या लहान कार्यक्रमांची. इथे कोड लिहिता आला नाही तरी वाचता यायला हवा. नवी आवृत्ती आली की जुन्या-नव्यात काय बदलले हे ओळीओळीने पाहावे लागते. खाते लिहिणारा मुनीम कायदा लिहीत नाही, पण वाचतो, तसे हे.

तिसरी पायरी गुप्तता, पैसा, यंत्राचा गाभा ह्यांच्याशी संबंध असलेल्या पॅकेजांची. इथे पक्के प्रोग्रामिंग हवेच, आणि तेही एकट्याचे नको. दोन-चार जाणत्यांचा गट हवा. ज्याला ते येत नाही त्याने इथे सांभाळणाऱ्याची जागा घेऊ नये. तक्रार नोंदवून, चाचणी करून मदत जरूर करावी.

हे नुसते आमचे मत नाही, भांडारांच्या रीतीतही ते दिसते. डेबियनमध्ये नवशिक्याला थेट माल चढवता येत नाही. त्याने तयार केलेले पॅकेज आधी एखादा जुना डेव्हलपर तपासतो आणि आपल्या सहीने चढवतो. फेडोरातही नव्या पॅकेजची दुसऱ्याकडून तपासणी होते आणि नवख्याला एक पाठीराखा लागतो. ही उस्ताद-शागिर्दाचीच रीत आहे. शिवाय २०१० साली डेबियनने मतदान घेऊन ठरवले की, जे पॅकेज बनवत नाहीत पण भाषांतर, लेखन, व्यवस्था अशी कामे करतात त्यांनाही संस्थेचे पूर्ण सदस्य होता यावे.

सुरुवात कशी करावी?

दुकानात पडून असलेला जुना संगणक घ्यावा आणि त्यावर डेबियन किंवा फेडोरा चढवावे. रोजच्या वापरात दिसलेला पहिला दोष नीट लिहून कळवावा: काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. चांगली तक्रार लिहिता येणे ही ह्या कामातली पहिली कमाई. त्यानंतर मराठी किंवा उर्दूच्या भाषांतरात हात घालावा. मग डेबियनची 'अनाथ' पॅकेजांची यादी पाहावी. ज्यांना सांभाळणारा उरला नाही अशी पॅकेजे तिथे नोंदलेली असतात. त्यांतले एखादे लहानसे घ्यावे. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्स, लिबरऑफिस वगैरेंवरचे धडे मराठी आवाजातही आहेत आणि ते मोफत आहेत.

पोटापाण्याचे काय, हा प्रश्न व्यापारी विचारणारच, आणि तो योग्य आहे. पॅकेज सांभाळल्याबद्दल बहुतेकांना थेट पैसा मिळत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण हे सर्व काम नावानिशी, तारखेनिशी जगासमोर राहते. नोकरी देणारा पदवीच्या कागदासोबत हे कामही पाहू शकतो. काहींना रेड हॅटसारख्या कंपन्यांत हेच काम पगारी मिळते. ही कंपनी आयबीएमने २०१९ साली ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली, यावरून ह्या धंद्याची उलाढाल कळावी. गावपातळीवर लहान दुकानांची यंत्रे बसवणे, हिशेबाचे मुक्त कार्यक्रम चालू करून देणे ही सेवाही देता येते. मुंबईत कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने तयार झालेला 'ग्नूखाता' किंवा मुंबईच्याच फ्रापे कंपनीचा 'ईआरपीनेक्स्ट' ही अशी मुक्त कार्यक्रमांची उदाहरणे. त्यांत कोड जाणणाऱ्याइतकीच जमा-नावे जाणणाऱ्याचीही गरज असते.

दुकानदारांनी काय विचारावे?

ज्यांना हे काम करायचे नाही, पण दुकानात मुक्त कार्यक्रम वापरायचा आहे, त्यांनी तो बसवणाऱ्याला चार प्रश्न जरूर विचारावेत. हा कार्यक्रम सांभाळतो कोण, एकटा माणूस की गट? शेवटची दुरुस्ती कधी निघाली? तो पक्क्या भांडारातून घेतला की कुठून तरी उचलून आणला? आणि आपला हिशेब बाहेर काढून दुसऱ्या कार्यक्रमात नेता येतो काय? उत्तर टाळले गेले तर समजावे की चिठ्ठी नसलेला माल आहे. फुकट मिळते म्हणून पारख सोडून देऊ नये.

शेवटी मूळ प्रश्नाचे उत्तर. पॅकेज सांभाळणाऱ्याला कार्यक्रम लिहिता आलाच पाहिजे असे नाही. पण आपल्या हातातल्या मालाचे ज्ञान, चौकस नजर, काटेकोर नोंद आणि आपल्याला कुठवर कळते ह्याची प्रामाणिक जाणीव ही हवीच. ती नसेल तर मोठा प्रोग्रामरही नुकसान करून बसतो. ज्याला पुढे जायचे आहे त्याने कोड वाचायला शिकावे, कारण दुसऱ्या पायरीवर त्याशिवाय चढता येत नाही. ज्यांनी कधी पाहिले नाही अशा लाखो लोकांनी आपली यंत्रे ह्या माणसांच्या भरवशावर सोडलेली असतात. ती अमानत आहे, आणि अमानत सांभाळण्याची रीत आपल्या पेढ्यांना आणि कारखान्यांना नवी नाही.